दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजातून ब्लडप्रेशरच्या गोळीपर्यंत

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज या ठिकाणी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट कागदपत्रे चाळत बसले होते. डोक्यात असह्य कळ येतेय, असे ते म्हणाले आणि काही क्षणांत बेशुद्ध झाले. हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० होता. त्याच दुपारी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय होते ६३.

हा आजार अचानक उद्भवलेला नव्हता. मार्च १९४४ मध्ये ब्रुएन यांनी पहिल्यांदा तपासणी केली, तेव्हाच रक्तदाब १८६ वर १०८ भरला होता. पण उपाय काय करायचा? डिजिटॅलिस, मीठ कमी, सिगारेट कमी, झोपेसाठी थोडे औषध आणि विश्रांती. जगातील सर्वांत ताकदवान देशाच्या प्रमुखाला त्या काळातले वैद्यक एवढेच देऊ शकत होते. आज तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जी गोळी फुकट मिळते, ती रूझवेल्ट यांना कोणत्याही किमतीत मिळाली नसती.

त्याच काळात बिहारच्या बाजारात एक मुळी विकली जात होती. लोक तिला 'पागल की दवा' म्हणत. वैद्य तिला सर्पगंधा म्हणत, हकीम असरोल. या मुळीत रक्तदाब उतरवण्याचा गुण आहे, असे हिंदुस्थानातल्या काही डॉक्टरांनी रूझवेल्ट यांच्या मृत्यूच्या चौदा वर्षे आधीच छापून प्रसिद्ध केले होते. जगाने मात्र ते वाचायला आणखी काही वर्षे घेतली.

या मुळीच्या इतिहासात मला रस आहे तो दोन कारणांनी. एक म्हणजे, या इतिहासात एक हकीम, एक कविराज, एक रसायनशास्त्रज्ञ आणि मुंबईचा एक पारशी डॉक्टर एकामागून एक येतात. दुसरे म्हणजे, या गोष्टीचे सध्या दोन टोकांचे सोयीस्कर अर्थ काढले जातात. 'आमच्या पूर्वजांना हे सगळे हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होते' हा एक, आणि 'औषधशास्त्र म्हणजे युरोपची देणगी, आपल्याकडे होते काय' हा दुसरा. कागदपत्रे पाहिली तर दोन्ही टिकत नाहीत.

मोजण्याआधीचा आजार

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. रक्तदाब हा न दिसणारा आजार आहे. ताप हाताला लागतो, खोकला कानाला ऐकू येतो. रक्तदाब मात्र मोजल्याशिवाय कळत नाही. हाताला पट्टा बांधून तो मोजण्याचे सुटसुटीत यंत्र इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये आणले. स्टेथोस्कोपने वरचा आणि खालचा असे दोन आकडे ऐकण्याची पद्धत रशियाच्या कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. त्याआधी आमचे हकीम नाडीवर बोटे ठेवून तिचा जोर, वेग, भरीवपणा ओळखत. वैद्यही ओळखत. ती विद्या सूक्ष्म होती, पण तिच्यात आकडा नव्हता.

त्यामुळे जुन्या वैद्यकाला ही मुळी ठाऊक होती हे खरे, पण ती रक्तदाबाची मुळी म्हणून नव्हे. सर्पदंश, विंचूदंश, निद्रानाश, उन्माद यांसाठी ती दिली जात होती. जो आजार मोजताच येत नव्हता, त्याचे औषध म्हणून तिला कोण ओळखणार?

आणि गंमत म्हणजे, यंत्र आल्यावरही डॉक्टरांचे एकमत नव्हते. वयाबरोबर रक्तवाहिन्या कडक होतात, तेव्हा रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागणारच, अशी समजूत होती. हा वाढीव दाब शरीराची गरज आहे, तो उतरवू नये. 'इसेन्शियल हायपरटेन्शन' या नावातला 'इसेन्शियल' हा शब्द या समजुतीला पोषकच ठरला. १९३१ मध्ये लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे यांनी तर रुग्णाचा वाढलेला रक्तदाब उतरवायला जाणे हाच त्याला मोठा धोका, अशा आशयाचे विधान केले होते.

१९३१ : कलकत्ता आणि दिल्ली

नेमक्या याच १९३१ मध्ये हिंदुस्थानात दोन शोधनिबंध छापून आले.

पहिला कलकत्त्याचा. कविराज गणनाथ सेन हे आयुर्वेदाचे मोठे पंडित होते आणि आधुनिक वैद्यकही शिकलेले होते. त्यांनी डॉ. कार्तिकचंद्र बोस यांच्यासह 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला. वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर गुणकारी ठरणारे हे हिंदुस्थानी औषध आहे, असे त्यांनी मांडले. जुन्या मुळीला नवा आजार इथे जोडला गेला, कारण आता हाताशी मोजण्याचे यंत्र होते.

दुसरा निबंध दिल्लीचा. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

हकीम अजमल खान (१८६८-१९२७) हे नाव आपण साधारणपणे राजकारणातले म्हणून ओळखतो. खिलाफत चळवळ, १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्षपद, जामिया मिलिया इस्लामियाचे पहिले कुलपती. पण ते आधी हकीम होते. दिल्लीच्या बल्लीमारान भागातील शरीफखानी घराण्याचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकार देशी वैद्यकाकडे संशयाने पाहू लागले होते. मुंबई प्रांताने १९१२ मध्ये डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा केला, त्यात नोंदवही होती ती पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची. वैद्य आणि हकीम त्याच्या बाहेर. असे काही होणार याची चाहूल लागताच, १९१० मध्ये अजमल खान यांनी वैद्य आणि हकीम यांना एका परिषदेत एकत्र आणले. 'तुमचे श्रेष्ठ की आमचे' हा वाद बाजूला ठेवून.

मला त्यांची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. देशी वैद्यकावर अन्याय होतो आहे, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. १९११ मध्ये युरोपात जाऊन त्यांनी तिथली रुग्णालये पाहिली. दिल्लीच्या करोलबागेत आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेज उभे केले. १९२१ मध्ये त्याचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले. या कॉलेजात वैद्यकी आणि हकिमी एका छपराखाली शिकवली जाणार होती. आणि हकीमसाहेबांचा आग्रह होता की, आपल्या औषधांची परीक्षा प्रयोगशाळेत झाली पाहिजे. नुसखा गुण देतो, तर का देतो, हे कळले पाहिजे.

हे काम करायला त्यांना माणूस मिळाला तो सलीमुज्जमान सिद्दीकी. १८९७ मध्ये बाराबंकी जिल्ह्यातील सुबेहा इथे जन्म. अलीगढमधून तत्त्वज्ञान आणि फारसीची पदवी. मग लंडन, आणि तिथून जर्मनी. फ्रँकफुर्टला रसायनशास्त्रात १९२७ मध्ये डॉक्टरेट. चित्रकारही असे की, फ्रँकफुर्टमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते. परत येऊन त्यांनी तिब्बिया कॉलेजात संशोधन संस्था उभारली. पण तिचे काम पाहायला हकीमसाहेब राहिले नाहीत. २९ डिसेंबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले.

सिद्दीकींनी असरोलची मुळी हाती घेतली. सहकारी रफत हुसैन सिद्दीकी यांच्यासोबत तिच्यातले अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारे घटक, एकेक करून वेगळे काढले. १९३१ मध्ये 'जर्नल ऑफ द इंडियन केमिकल सोसायटी'त ते प्रसिद्ध झाले. पांढऱ्या स्फटिकांचा एक गट, पिवळ्यांचा दुसरा. पिवळ्या गटाला त्यांनी सर्पगंधेवरून 'सर्पेन्टाइन' हे नाव दिले. पांढऱ्या गटातील मुख्य घटकाला नाव दिले 'अजमलीन'. हकीम अजमल खान यांच्यावरून.

शास्त्रज्ञ शोधाला स्वतःचे, राजाचे, देणगीदाराचे नाव देतात. इथे एका रसायनशास्त्रज्ञाने एका हकिमाचे नाव दिले, आणि ते जगभरच्या औषधशास्त्रात कायम झाले.

मुंबईचे पन्नास रुग्ण

सर्पगंधेचा बोलबाला पुढची काही वर्षे देशातच राहिला. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या गटाने तिच्यावर प्रयोग केले. डेहराडूनला मोहम्मद मनाल यांनी सुरू केलेल्या हिमालया ड्रग कंपनीने १९३४ मध्ये 'सर्पिना' नावाने या मुळीची गोळी बाजारात आणली. गोळीमुळे एक फरक पडला. मुळी कधी जून असते, कधी कोवळी. चिमूट कधी मोठी, कधी छोटी. गोळीत मात्रा निदान सारखी ठेवता येऊ लागली.

आता मुंबई. डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ चा, मुंबईचाच. वैद्यकाचे शिक्षण लंडनला. मुंबईत परतल्यावर परळच्या केईएम रुग्णालयात ते हृदयरोगाचे काम करू लागले. त्यांनी सर्पगंधेकडे ना भक्तीने पाहिले, ना तुच्छतेने. उच्च रक्तदाबाचे पन्नास रुग्ण घेतले, औषध सुरू करण्याआधी त्यांचा रक्तदाब नोंदवला, मग गोळ्या दिल्या आणि पुन्हा पुन्हा मोजत राहिले. बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब उतरला. तोही झपाट्याने नाही, हळूहळू. आणि औषध थांबवल्यावरही परिणाम काही काळ टिकला. हा निबंध १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला.

कलकत्त्याचा लेख १९३१ चा आणि मुंबईचा १९४९ चा. मधल्या अठरा वर्षांत मुळी बदलली नव्हती. पण वकिलांनी ती जगाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली, आणि ती भाषा इंग्रजीपेक्षा आकड्यांची होती.

बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो निबंध वाचला, हिंदुस्थानातून औषध मागवले आणि आपल्या रुग्णांवर तपासले. त्यांनाही गुण दिसला. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातील सिबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ या मुळीमागे लागले होतेच. १९५२ मध्ये म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी मुळीच्या राळेसारख्या चिकट भागातून खरा गुणकारी घटक वेगळा काढला. त्याचे नाव रिसर्पिन. दिवसाला ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी मात्रा पुरेशी होती. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

जीव वाचतो का?

आकडा उतरतो, हे दिसले. पण आकडा उतरल्याने माणूस जास्त जगतो का? हा प्रश्न शिल्लकच होता. त्याचे उत्तर अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी शोधले. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. निम्म्यांना खरी औषधे, निम्म्यांना हुबेहूब दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कोणाला काय मिळते, हे रुग्णाला ठाऊक नाही. १९६७ मध्ये निकाल आला. पोकळ गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर घटनांना तोंड द्यावे लागले, खऱ्या औषधांच्या गटात फक्त दोघांना.

ती खरी औषधे कोणती होती? हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझीन आणि तिसरे रिसर्पिन. रक्तदाबाचा उपचार जीव वाचवतो, याचा पहिला ठाम पुरावा ज्या प्रयोगाने दिला, त्यात बिहारच्या बाजारातली मुळी होती. जॉन हे यांच्या विधानाला छत्तीस वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते.

आता दुसरी बाजू, जी अभिमानाच्या भाषणांत गाळली जाते. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेले नॉरॲड्रेनलिन रिकामे करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. पण तोच साठा ते मेंदूतही रिकामा करते. म्हणून सुस्ती येते, नाक चोंदते, आणि जास्त मात्रेवर काही रुग्ण खोल औदासीन्यात गेल्याच्या नोंदी पन्नासच्या दशकातच झाल्या. 'पागल की दवा' म्हणून जो गुण प्रसिद्ध होता, तोच इथे दोष ठरला. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशीही तिचा संबंध जोडला गेला. नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही, पण तोवर डॉक्टर नव्या औषधांकडे वळले होते.

छातीतली कळ

रक्तदाबाची सख्खी बहीण म्हणजे अंजायना, छातीतली कळ. जिना चढताना, घाईने चालताना हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते आणि छाती आवळल्यासारखी होते. लंडनचे विल्यम हेबर्डन यांनी १७७२ मध्ये तिचे नेमके वर्णन छापले. उपाय सापडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १८६७ मध्ये एडिंबरोच्या लॉडर ब्रंटन यांनी अमाइल नायट्राइट हुंगवले आणि कळ काही क्षणांत थांबली. १८७९ मध्ये विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरिन वापरले, आधी स्वतःवर आणि मग रुग्णांवर. हे तेच द्रव्य, ज्यापासून आल्फ्रेड नोबेल सुरुंग बनवत. पुढे नोबेल यांनाच हृदयविकार जडला आणि डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिले. या विचित्र योगायोगाबद्दल त्यांनी मृत्यूच्या वर्षी, १८९६ मध्ये, एका पत्रात लिहून ठेवले आहे. आपल्याकडे अनेकांच्या खिशात जिभेखाली ठेवायची जी सॉर्बिट्रेटची गोळी असते, ती याच कुळातली.

ही औषधे कळ थांबवत, पण रोजचा ताण तसाच राही. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी प्रश्न उलटा केला. हृदयाला रक्त जास्त मिळत नसेल, तर त्याची मागणीच कमी का करू नये? त्यातून १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉल आले. अंजायनासाठी शोधलेले हे औषध रक्तदाबही उतरवते, असे थोड्याच काळात दिसून आले. दोन बहिणींचा उपचार एका गोळीत आला. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल मिळाले.

पुढे ब्राझीलच्या जराराका नावाच्या विषारी सापाने आणखी एक दार उघडले. तो डसला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. त्याच्या विषाचा अभ्यास करताना मिळालेल्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल तयार झाले आणि १९८१ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आले. आज ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' असते, त्या सगळ्या तिची भावंडे. एक औषध सर्पदंशावरच्या मुळीतून आले आणि दुसरे खुद्द सापाच्या विषातून.

श्रेय कोणाचे?

मग सर्पगंधा कोणाची? तिला शोधणाऱ्या आदिवासींची आणि वैदूंची, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. तिला रक्तदाबाशी जोडणाऱ्या कलकत्त्याच्या सेन-बोस यांची. तिला प्रयोगशाळेत नेण्याचा आग्रह धरणाऱ्या हकिमाची. तिचे घटक वेगळे करणाऱ्या सिद्दीकींची. पन्नास रुग्णांचा रक्तदाब चिकाटीने मोजणाऱ्या वकिलांची. आणि हो, बाझल आणि बोस्टनचीही. यातला एक दुवा काढला तरी साखळी तुटते.

सिद्दीकींचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. १९४० मध्ये ते शांतिस्वरूप भटनागर यांच्यासोबत सरकारी विज्ञान संस्थेत गेले. कडुनिंबातले घटक वेगळे काढण्याचे त्यांचे काम तिथलेच. फाळणीनंतर चार वर्षे ते इथेच होते. १९५१ मध्ये लियाकत अली खान यांच्या निमंत्रणावरून ते पाकिस्तानला गेले, तिथे विज्ञान संस्था उभ्या केल्या आणि १९९४ मध्ये कराचीत त्यांचे निधन झाले. ते गेले आणि आपल्या आठवणीतूनही गेले. माझ्या शाळेच्या कोणत्याच पुस्तकात मी हे नाव वाचले नाही. माणूस सरहद्दीपलीकडे गेला म्हणून करोलबागेत झालेले काम तर तिकडे गेले नाही ना? ते दिल्लीचेच आहे, आणि आपले आहे.

अजमलीन आजही वापरात आहे. ब्रुगाडा नावाचा हृदयाचा एक आनुवंशिक आजार साध्या ईसीजीत लपून राहतो आणि धडधाकट माणसाचा अचानक जीव घेतो. तो उघड करण्यासाठी युरोपातल्या रुग्णालयांत शिरेतून अजमलीन देऊन ईसीजी काढतात. तिथल्या डॉक्टरांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की, ते बल्लीमारानच्या एका हकिमाचे नाव घेत आहेत?

हा इतिहास लिहिण्यामागे एक आजचे कारणही आहे. आमच्या मोहल्ल्यात मी नेहमी ऐकतो, 'गोळी सुरू केली की आयुष्यभर चिकटते, त्यापेक्षा देशी जडीबुटी बरी.' सर्पगंधेचे सुटे चूर्णही विकले जाते. त्यात रिसर्पिन किती आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. आधीच्या गोळ्यांसोबत ते घेतले, तर रक्तदाब नको तितका उतरू शकतो. रमजानात तर कित्येकजण सकाळची गोळी परस्पर बंद करतात. त्याची गरजच नसते. सहरी किंवा इफ्तारच्या वेळी बसेल असे औषध डॉक्टर ठरवून देऊ शकतात, फक्त महिना लागण्याआधी जाऊन विचारायला हवे.

हकीम अजमल खान यांच्या नावाने जडीबुटी विकणारे पुष्कळ आहेत. त्यांचा वारसा सांगायचा असेल तर त्यांचा आग्रहही सांगावा लागेल, औषध कोणाचेही असो, ते आधी तपासा. रूझवेल्ट यांच्याकडे मोजायचे यंत्र होते, औषध नव्हते. आपल्याकडे दोन्ही आहेत.